पान काय म्हणतं, सर्व्हर काय म्हणतो

या वादातली दोन्ही माणसं घरचीच आहेत. मामा म्हणजे माझे मेहुणे. पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात त्यांनी आयुष्यभर डीटीपी केलं, मुद्रितं तपासली. आता घरी बसून प्रकाशकांना ई-पुस्तकं तयार करून देतात. भाची म्हणजे माझी मुलगी, हिंजवडीला एका कंपनीत फ्रंटएंडचं काम करते. त्यामुळे पंच म्हणून मी दोन्हीकडून बाद. आमच्या गावच्या वाचनालयाची वेबसाइट नव्यानं करायची ठरली, काम या दोघांच्या गळ्यात पडलं आणि पानाच्या पहिल्याच ओळीवर गाडी अडली. ही पहिली ओळ म्हणजे डॉकटाइप : पान कोणत्या प्रकारचं आहे हे सांगणारी घोषणा. वाद जमेल तसा उतरवून घेतला आहे. टोमणे थोडे गाळलेत.

मामा : वाचनालयाची साइट आहे, सेलच्या जाहिरातीचं पान नाही. पंधरा-वीस वर्षं टिकायला हवी. माझं मत विचारशील तर एक्सएचटीएमएल १.० स्ट्रिक्ट. टॅग उघडला की बंद करायचा, ॲट्रिब्यूटला अवतरणचिन्हं द्यायची, टॅगची नावं सगळी स्मॉल लेटरमध्ये. शिस्तीत लिहिलेलं पान दगा देत नाही.

भाची : बरं. आणि सर्व्हर ते पान काय म्हणून पाठवणार?

मामा : काय म्हणून म्हणजे? पहिल्या ओळीत ढळढळीत लिहिलंय की.

भाची : ब्राउझर पहिल्या ओळीपाशी येतो तेव्हा निकाल लागून गेलेला असतो, मामा. पानाच्या आधी सर्व्हर हेडर पाठवतो, त्यात कंटेंट-टाइप असतो. तिथे ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ आलं की ब्राउझर एचटीएमएलचा पार्सर, म्हणजे पान वाचून उलगडणारा भाग, लावतो, ‘ॲप्लिकेशन/एक्सएचटीएमएल+एक्सएमएल’ आलं की एक्सएमएलचा. तुझी ती लांबलचक डॉकटाइप या निवडीत धरतच नाहीत. घरी पोराला बाळ्या म्हणा नाहीतर राजा म्हणा, बोर्डाच्या फॉर्मवर दाखल्यातलंच नाव लागतं. डॉकटाइप हे घरचं नाव झालं.

मामा : म्हणजे इतकी वर्षं लोकांनी एक्सएचटीएमएल म्हणून जी पानं लिहिली ती...

भाची : ब्राउझरच्या लेखी साधं एचटीएमएलच. विकिपीडियासुद्धा वर्षानुवर्षं वर एक्सएचटीएमएल १.० ट्रान्झिशनल लिहून पानं टेक्स्ट/एचटीएमएल म्हणून पाठवत होता, मराठी विकिपीडिया त्यात आलाच. बीआर टॅगच्या शेवटी तू जी तिरपी रेघ मारतोस ना, ती ब्राउझर बघतो आणि सोडून देतो.

मामा : आणि मेटा टॅगमध्ये ॲप्लिकेशन/एक्सएचटीएमएल लिहिलं तर?

भाची : मेटा टॅग वाचायला आधी पार्सर लावावा लागतो ना? मग तो निवडून झालाच की.

मामा गप्प बसले. छापखान्यात पहिल्या पानावर जे छापलं तेच पुस्तकाचं नाव, ही त्यांची आयुष्यभराची समजूत. त्यांच्या बाजूनं एक सांगायला हवं. हा घोळ वेबच्या जन्मातूनच आला आहे. डॉकटाइप ही एसजीएमएलची देणगी, म्हणजे मोठमोठे दस्तऐवज आणि ग्रंथ सांभाळणाऱ्या लोकांच्या जगातली. कंटेंट-टाइपमध्ये लिहिला जाणारा मीडिया टाइप आला ईमेलमधून : पत्राबरोबर चित्र, आवाज, दुसऱ्या लिपीतला मजकूर पाठवता यावा म्हणून १९९२ मध्ये ‘माइम’चे नियम निघाले, त्यातून. टिम बर्नर्स-ली यांच्या १९९१ च्या पहिल्यावहिल्या एचटीटीपीत हेडरच नव्हते. पान मागायचं, एचटीएमएल यायचं, जोडणी तुटायची, संपलं. पान काय आहे हे सांगायला सर्व्हरला जागा मिळाली ती एचटीटीपी १.० मध्ये, त्याचा दस्तऐवज १९९६ चा. दोन वेगळ्या घरांतून आलेल्या या दोन घोषणा एकाच पानावर येऊन बसल्या, आणि त्या एकमेकींशी जुळतात की नाही हे बघण्याचं काम कुणाकडेच नव्हतं.

मामा : मग डॉकटाइप लिहायचीच कशाला? टाक काढून.

भाची : काढून चालणार नाही. ती आता वेगळ्याच कामाला जुंपली आहे. नव्वदच्या दशकात पानं लिहिली जायची ती त्या वेळच्या ब्राउझरांच्या चुका गृहीत धरून. पुढे ब्राउझर सीएसएसच्या नियमांनी चालायला लागले तर ती सगळी पानं मोडली असती. १९९८ मध्ये टॉड फार्नर यांनी डोकं चालवलं : जुन्या पानांवर बहुतेक डॉकटाइप नसतेच, मग तिच्याकडे बघूनच जुनं-नवं ठरवा. मार्च २००० मध्ये मॅकसाठीच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये टान्टेक चेलिक यांनी ते करून दाखवलं, मग सगळ्यांनी उचललं. डॉकटाइप नाही, म्हणजे क्वर्क्स मोड. जुन्या खोडी सांभाळून पान मांडायचं.

मामा : खोडी म्हणजे काय ते दाखव.

भाची : चौकट घे. रुंदी २०० पिक्सेल, आत दोन्हीकडे २०-२० ची मोकळी जागा, कडेला ५-५ ची रेघ. नियमानं ती पडद्यावर २५० पिक्सेल जागा खाते. जुना इंटरनेट एक्सप्लोरर हे सगळं २०० मध्येच कोंबायचा. शिवाय क्वर्क्समध्ये टेबल बाहेरच्या अक्षरांचा आकार आणि रंग घेत नाही, रुंदीपुढे पिक्सेल लिहायचं विसरलं तरी चालतं, स्टाइलमध्ये क्लासचं नाव कॅपिटल की स्मॉल हे बघितलं जात नाही. एकदा सवय लागली की माणूस नियम विसरतो आणि दुसऱ्या पानावर तोंडघशी पडतो.

मामा : म्हणजे व्याकरण सांगण्यासाठी केलेली ओळ तुम्ही दिव्याचं बटण म्हणून वापरलीत.

भाची : तुम्ही म्हणजे कोण? मी तेव्हा बालवाडीत होते. पण हो, बटणच. आणि बटणही लहरी. एचटीएमएल ४.०१ ट्रान्झिशनलची डॉकटाइप आहे, तिच्या शेवटी डीटीडीचा, म्हणजे कुठले टॅग चालतात त्या नियमांच्या फाइलचा, पत्ता लिहिला तर ब्राउझर जवळजवळ नियमानं चालतो. तेवढा पत्ता गाळला की थेट क्वर्क्स.

मामा : त्या पत्त्यावर जाऊन ब्राउझर बघतो तरी का काही?

भाची : छे! ब्राउझर तिकडे कधीच फिरकत नाही. फिरकतात ती दुसरी सॉफ्टवेअरं, तीही एकदा वाचलेलं जपून न ठेवणारी. २००८ मध्ये वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं जाहीर तक्रार केली होती, की या डीटीडीच्या फायलींसाठी दिवसाला १३ कोटींपर्यंत विनंत्या येतात. कुणाच्या उपयोगाच्या नसलेल्या.

(त्याच डॉकटाइपमध्ये पत्त्याच्या आधी ‘ईएन’ अशी दोन अक्षरं असतात. पान मराठीत म्हणून मामांनी एका पुस्तकात त्यांच्या जागी ‘एमआर’ घातलं होतं. ती अक्षरं डीटीडी कुठल्या भाषेत लिहिली आहे ते सांगतात, पानाशी त्यांचा संबंध नाही. पानाची भाषा सांगायला लँग ॲट्रिब्यूट आहे, आणि तो मात्र मराठी साइटवाल्यांपैकी निम्मे लोक घालत नसावेत असा माझा संशय.)

मामा : ठीक. बटण तर बटण. पण मी स्ट्रिक्ट मागतोय ते बटणासाठी नाही. २६ जानेवारी २००० ला एक्सएचटीएमएल १.० आलं तेव्हा आम्हाला काय वाटलं होतं ते तुला नाही कळायचं. तोवर एचटीएमएल म्हणजे बाजार होता. कुणी परिच्छेद बंद करायचा नाही, कुणी ठळक अक्षरांच्या आत तिरपी सुरू करून बाहेर संपवायचा. एक्सएमएलनं सांगितलं : नीट लिहा, नाहीतर पान दिसणार नाही. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला याहून गोड काय वाटणार?

भाची : गोड होतंच. मग त्याच दस्तऐवजाला परिशिष्ट सी जोडलं. अमुक पथ्यं पाळा, म्हणजे हेच एक्सएचटीएमएल जुन्या ब्राउझरांनाही एचटीएमएल म्हणून पाठवता येईल. त्या सवलतीनंच घात केला. सगळ्यांनी सवलत घेतली, पथ्यं थोड्यांनी पाळली.

मामा : सवलत का घेतली ते सांग ना. इंटरनेट एक्सप्लोररला खरं एक्सएचटीएमएल कळतच नव्हतं.

भाची : कळत नव्हतं म्हणजे, ॲप्लिकेशन/एक्सएचटीएमएल+एक्सएमएल म्हणून पान पाठवलं की तो फाइल डाउनलोड करायची का म्हणून विचारायचा! आवृत्ती ८ पर्यंत हेच. २०११ च्या आवृत्ती ९ मध्ये पहिल्यांदा ते पान दिसलं, तोवर तो मीडिया टाइप अधिकृत होऊन नऊ वर्षं झाली होती. म्हणून लोकांनी युक्त्या केल्या. ब्राउझरचा ॲक्सेप्ट हेडर बघायचा, मोझिलाला एक टाइप द्यायचा, एक्सप्लोररला दुसरा. एकच पान, दोन पार्सर, दोन तऱ्हेचे दोष.

मामा : तेव्हाच कुणीतरी त्यावर सडकून लिहिलं होतं.

भाची : इयन हिक्सन. २००२ मध्ये. एक्सएचटीएमएल टेक्स्ट/एचटीएमएल म्हणून पाठवणं घातक आहे, असं सरळ मथळ्यातच. त्याचं म्हणणं साधं होतं : आज तुम्ही पान एचटीएमएल म्हणून तपासताय, चाललंय, खूश आहात. उद्या खरा मीडिया टाइप लावाल तेव्हा ते मोडेल, आणि का मोडलं ते कळणारही नाही. स्क्रिप्ट जुन्या ब्राउझरांपासून लपवायला आपण ती कॉमेंटच्या खुणांत गुंडाळायचो ना? एक्सएमएलमध्ये ती खरीच कॉमेंट ठरते. स्क्रिप्ट गायब. डॉक्युमेंट डॉट राइट चालत नाही, म्हणजे त्या काळातल्या निम्म्या जाहिराती बंद.

मामा : ज्यानं नियम पाळला त्याचंही भलं झालं नाही, हे आणखी वाईट. एक्सएमएलचं घोषणावाक्य पहिल्या ओळीत लिहा असा आग्रह होता. मी इमानेइतबारे लिहायचो. इंटरनेट एक्सप्लोरर ६ ला डॉकटाइपच्या आधी ती ओळ दिसली की तो पान क्वर्क्समध्ये टाकायचा. नियम पाळल्याची शिक्षा!

इतक्या वेळात दोघांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट. चहा झाला आणि खरा वाद त्यानंतर सुरू झाला, कारण इथवरचा सगळा इतिहासाचा हिशेब होता. आता प्रश्न आला चुकीचा : चूक झाली तर ती कुणी सोसायची?

भाची : आपण खरोखरच ॲप्लिकेशन/एक्सएचटीएमएल लावलं असं धर. वाचनालयाच्या साइटवर वाचक पुस्तकांबद्दल दोन ओळी लिहितात. एकानं लिहिलं, ‘कथा अँड कविता’, आणि अँडच्या जागी ती इंग्रजी खूण टाकली. ती खूण एक्सएमएलमध्ये उघडी चालत नाही. फायरफॉक्समध्ये काय होईल? फिकट पिवळं पान, वर लाल अक्षरांत एक्सएमएल पार्सिंग एरर, ओळ इतकी, रकाना इतका, खाली डॅशची रांग आणि टोकाला एक बाण. क्रोम थोडा दयाळू. वर गुलाबी पट्टा लावून चुकीपर्यंतचं पान तरी दाखवतो. आणि ज्याला आज वाचनालय उघडं आहे की बंद एवढंच बघायचं होतं, तो बिचारा पडद्याकडे बघत बसतो. त्याचा काय गुन्हा?

मामा : त्याचा नाही, तुझा. वाचकानं लिहिलेलं तू न तपासता पानात ओतलंस कसं? आज त्यानं खूण टाकली, उद्या कुणी स्क्रिप्ट टाकेल आणि तुझं सौम्य एचटीएमएल ती चालवेल. माझ्या पिवळ्या पानानं तुझी खिडकी उघडी राहिल्याचं पहिल्या दिवशीच दाखवलं.

भाची : ...हे बरोबर आहे. बाहेरून आलेला मजकूर एस्केप करूनच पानात घ्यायचा, त्याला माफी नाही. पण मामा, प्रत्येक चूक खिडकीची नसते. बंद न केलेला एक बीआर, त्यासाठी अख्खं पान?

मामा : एक बीआर नाही गं. तुमची क्षमा मजकूर बदलते, ते मला खुपतं. गेल्या महिन्यात वर्गणीचा तक्ता केला होता कुणीतरी. शेवटच्या ओळीखाली टीप : ‘वरील दरांत अनामत रक्कम धरलेली नाही.’ पण ती टीप रकान्यात न घालता टेबलाच्या टॅगच्या आत नुसतीच सोडलेली. ब्राउझरनं काय केलं? टीप उचलून तक्त्याच्या वर नेऊन ठेवली. आता ‘वरील दरांत’ म्हणजे कुठल्या? वर तर दुसराच परिच्छेद होता. कुणाला चूक दिसली नाही, कारण पान छान दिसत होतं. छापखान्यात याला आम्ही सगळ्यात वाईट चूक म्हणायचो, जी वाचकाला कळतच नाही ती.

भाची : पण ती टीप कुठे जाणार ते आता लिहून ठेवलंय. क्रोममध्ये वर जाते, फायरफॉक्समध्येही वरच जाते, सफारीतही. पूर्वी प्रत्येक ब्राउझर आपापल्या मनानं निस्तरायचा. २००४ मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेराच्या लोकांनी डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी ही संघटना काढली, तेव्हा सगळ्यात कष्टाचं काम हेच होतं : चुकीच्या एचटीएमएलचं नेमकं काय करायचं याचा पायरी-पायरीनं नियम लिहिणं. तू बाजार म्हणालास ना, त्या बाजाराचेच कायदे लिहिले त्यांनी. संपादक कोण, तर तोच हिक्सन. तिकडे डब्ल्यूथ्रीसी एक्सएचटीएमएल २ करत होती, जुन्याशी नातं तोडून. २००९ मध्ये त्यांनी तो गट गुंडाळायचं जाहीर केलं. २८ ऑक्टोबर २०१४ ला एचटीएमएल५ ची शिफारस झाली, आणि या दोन संस्थांच्या २०१९ च्या करारानंतर तर एचटीएमएलचा एकच जिवंत दस्तऐवज उरला.

मामा : सगळे एकाच तऱ्हेनं चुकले म्हणून ते बरोबर होत नाही.

भाचीनं यावर खांदे उडवले. मला ते पटलं नाही. टेबलाचा मुद्दा मामांचा सगळ्यात भक्कम होता आणि तिनं तो नियमाकडे बोट दाखवून टाळला. सगळ्या ब्राउझरांत टीप एकाच जागी गेली याचा उपयोग पान बनवणाऱ्याला. वाचकाला मात्र अनामतीचा घोळ सगळीकडे सारखाच. अर्थात यावर उपाय पिवळं पान नव्हे, हेही तितकंच खरं. पान चढवण्याआधी व्हॅलिडेटरमधून, म्हणजे नियम तपासणाऱ्या साधनातून, काढलं असतं तर तक्त्यातली ती टीप तिथेच सापडली असती. पुढे तिनंच ही सोय केली, त्याचं श्रेय मात्र मामांना दिलं नाही.

मामा : मग तुझी डॉकटाइप कुठली?

भाची : ‘डॉकटाइप एचटीएमएल’. पुढे आवृत्ती नाही, पत्ता नाही, कंस आणि उद्गारचिन्ह धरून १५ अक्षरं. ब्राउझरला नियमाच्या मोडमध्ये ढकलायला किमान जेवढं लागतं तेवढंच ठेवलंय. आणि मीडिया टाइप टेक्स्ट/एचटीएमएल.

मामा : टॅग मात्र मी बंदच करणार. तिरपी रेघसुद्धा मारणार.

भाची : मार. डब्ल्यूथ्रीसीचा व्हॅलिडेटर फक्त सांगेल की या रेघेचा काही परिणाम होत नाही. पण एक लक्षात ठेव, टेक्स्ट/एचटीएमएलमध्ये ती रेघ भलत्या ठिकाणी मारलीस तर जिवावर बेतेल. आमच्याकडे एका नव्या मुलानं बाहेरची स्क्रिप्ट जोडणारा टॅग तसाच रेघ मारून मिटवला. एचटीएमएलला स्क्रिप्टचा टॅग असा मिटलेला कळत नाही. ब्राउझर तो बंद होण्याची वाट बघत राहिला आणि खालचं सगळं पान स्क्रिप्टचा मजकूर म्हणून गिळून बसला. पडदा पांढरा. सोर्स उघडून बघावा तर सगळं जागच्या जागी.

मामा : तेच पान एक्सएमएल म्हणून गेलं असतं तर व्यवस्थित चाललं असतं.

भाची : मग मी सकाळपासून दुसरं काय सांगतेय!

पुढचा मुद्दा अक्षरांचा निघाला, आणि मराठीत साइट करणाऱ्यांनी इथे नीट कान द्यावा. मीडिया टाइपच्या शेपटाला अक्षरसंच जोडता येतो : टेक्स्ट/एचटीएमएल, अर्धविराम, चारसेट बरोबर यूटीएफ-८. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये जुना आयएसओ-८८५९-१ राहून गेला असेल, तर पानातल्या मेटा टॅगनं कितीही यूटीएफ-८ म्हटलं तरी हेडरचंच खरं धरलं जातं. यूटीएफ-८ मध्ये ‘मराठी’ या शब्दाचे १५ बाइट होतात, प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन. (डॉकटाइपचीही १५ अक्षरं, निव्वळ योगायोग.) चुकीच्या संचात ‘म’ची तीन तुकड्यांत वाटणी होते : डोक्यावर तिरका फटका घेतलेला रोमन ए, मग चलनाची एक विचित्र गोल खूण, मग ट्रेडमार्कवाल्यांचा वर्तुळातला आर. ही रांग पानभर पसरलेली दिसली की समजावं, फाइल ठीक आहे, सर्व्हर खोटं बोलतोय.

मामा : आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. प्रत्येक साइटचा आपला फॉन्ट. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली. फॉन्ट उतरवला की मराठी दिसायचं.

भाची : आणि नाही उतरवला की कचरा. शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही. त्या पानांचा चारसेट तेवढा खरा होता, कारण आत मराठी नव्हतंच!

मामा : एक्सएमएलमध्ये निदान काही सांगितलं नाही तर यूटीएफ-८ धरतात.

भाची : कुठल्या मीडिया टाइपखाली ते बघ. २००१ च्या नियमाप्रमाणे टेक्स्ट/एक्सएमएल म्हणून फाइल पाठवली आणि चारसेट दिला नाही, तर ती अमेरिकी आस्की धरायची होती. फाइलच्या आत यूटीएफ-८ लिहिलेलं असलं तरी. कागदोपत्री तुझी सगळी देवनागरी बेकायदा. २०१४ मध्ये तो नियम बदलला. त्या जुन्या नियमामुळेच तर सगळे ॲप्लिकेशन/एक्सएमएलकडे वळले.

मामांना हे ठाऊक नव्हतं. वहीत लिहून घेतलं त्यांनी.

भाची : आणि अजून एक, डॉकटाइप आणि मीडिया टाइप कसे एकमेकांत अडकलेत बघ. स्टाइलशीट सर्व्हरनं चुकून टेक्स्ट/प्लेन म्हणून पाठवली. पान क्वर्क्स मोडमध्ये असेल आणि फाइल त्याच साइटची असेल, तर ब्राउझर चालवून घेतो. डॉकटाइप नीट लिहिली की तोच ब्राउझर ती स्टाइलशीट नाकारतो. लोक म्हणतात, डॉकटाइप घातली आणि साइट बिघडली! खापर फुटतं भलत्याच्या डोक्यावर.

मामा : म्हणजे तुम्हीही कुठेतरी कडक आहात तर.

भाची : दिवसेंदिवस जास्तच. एके काळी इंटरनेट एक्सप्लोरर फाइलचे पहिले बाइट हुंगून ठरवायचा हे काय आहे. चित्र म्हणून चढवलेल्या फाइलमध्ये एचटीएमएल सापडलं की ते चालवायचा. वाचकांना फोटो चढवू देणाऱ्या साइट त्यातून फोडल्या जायच्या. मग आवृत्ती ८ मध्ये त्यांनीच नोस्निफ नावाचा हेडर आणला : मी सांगतोय तोच टाइप, अंदाज करू नकोस. आजची जावास्क्रिप्ट मॉड्यूलं तर टाइप चुकला की सरळ नाकारली जातात. वाचकाला माफी, सर्व्हरला नाही.

हे वाक्य ऐकून मामा हसले. मग त्यांनी आपला लॅपटॉप पुढे ओढला. त्यात त्यांचं घरचं मैदान होतं : ईपब.

मामा : हे बघ. ई-पुस्तक म्हणजे झिप फाइल. आत प्रत्येक प्रकरण एक्सएचटीएमएल, खरं, एक्सएमएलच्या नियमानं वाचलं जाणारं. इथे सर्व्हर नाही की हेडर नाही. मग टाइप कोण सांगणार? झिपमध्ये सगळ्यात पहिली फाइल ‘माइमटाइप’ नावाची, न दाबता ठेवलेली, आत फक्त ‘ॲप्लिकेशन/ईपब+झिप’, २० अक्षरं, पुढे एंटरसुद्धा नाही. आणि आतल्या प्रत्येक फाइलचा मीडिया टाइप पुस्तकाच्या यादीत लिहावा लागतो. पानाचं आणि यादीचं जुळलं नाही तर पुस्तक नापास.

भाची : आणि लेखकाची वर्डमधली फाइल?

मामा : तिथेच तर नाकी नऊ येतात. वर्डमधून एचटीएमएल काढलं की जागोजागी एनबीएसपी, म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. वेबवर ते चालतं, कारण एचटीएमएलचा पार्सर ते नाव जन्मापासून ओळखतो. ईपब ३ मध्ये ‘डॉकटाइप एचटीएमएल’ लिहिलं की मागे डीटीडी नाही, मग एनबीएसपी हे नाव एक्सएमएलला माहीतच नाही. अख्खं प्रकरण उघडत नाही. मी सगळीकडे १६० हा आकडा घालतो आणि ईपबचेक या तपासणीच्या साधनातून काढतो. पण वाचकाच्या हातात गेल्यावर माझं पुस्तक एकदाही पिवळं पडलेलं नाही, कारण पिवळं पडायचं ते माझ्या टेबलावर पडून घेतलेलं असतं.

भाची : पुस्तक एकदा बांधलं की बदलत नाही. पान रोज बदलतं, आणि त्यात दहा जण हात घालतात.

मामा : म्हणून पुस्तकाला माझा टाइप, पानाला तुझा?

भाची : मला तर तेच बरोबर वाटतं.

मामा : मला नाही वाटत. पण साइट तू सांभाळणार आहेस.

वाचनालयाची साइट त्याप्रमाणे उभी राहिली : पंधरा अक्षरी डॉकटाइप, टेक्स्ट/एचटीएमएल आणि चारसेट यूटीएफ-८. उतरवून घ्यायची ई-पुस्तकं त्यांच्या ईपबच्या टाइपनं जातात. बीआर टॅगमधल्या तिरप्या रेघा मामांनी हट्टानं ठेवल्या आहेत.

माझं मत मी दोघांच्या मागे सांगतो. वेबच्या पानासाठी मुलगीच बरोबर आहे, आणि त्याचं कारण एचटीएमएल श्रेष्ठ आहे हे नव्हे. आधी मीडिया टाइप ठरवा, डॉकटाइप त्याच्या मागून येईल, हा तिचा क्रम बरोबर आहे. एक्सएचटीएमएलवाल्यांनी नेमका उलटा क्रम धरला आणि दशकभर पानांवर एक लिहून सर्व्हरवरून दुसरंच पाठवलं.

तुमच्या संस्थेची, मासिकाची, दुकानाची मराठी साइट असेल तर ती आज संगणकावर उघडा आणि एफ१२ दाबा. कन्सोलमध्ये डॉक्युमेंट डॉट कॉम्पॅटमोड विचारा. उत्तर ‘बॅककॉम्पॅट’ आलं तर पान क्वर्क्समध्ये चाललंय, पहिली ओळ दुरुस्त करून घ्या. मग नेटवर्कच्या टॅबमध्ये पान पुन्हा लोड करून पहिल्या नोंदीचा कंटेंट-टाइप वाचा. तिथे टेक्स्ट/एचटीएमएल आणि यूटीएफ-८ दिसत नसेल, तर साइट बनवणाऱ्याला फोन लावा.